फेकताना दुखणारा खांदा : तेरा वर्षांच्या पिचरच्या वडिलांना उत्तर

परभणी जिल्ह्यातील एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे : "माझा मुलगा १३ वर्षांचा असून आठवीत शिकतो. शाळेच्या बेसबॉल संघात तो पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा) आहे आणि गरज पडली की कॅचरही (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) होतो. दीड महिन्यापासून चेंडू फेकताना त्याचा उजवा खांदा दुखतो. एरवी काही त्रास नाही. एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्या घेतल्या की खेळता येते, थांबवल्या की पुन्हा दुखते. सर म्हणतात, हात बसला की दुखणे आपोआप जाईल. तीन आठवड्यांनी विभागीय स्पर्धा आहे. एमआरआय करावा का? इंजेक्शन देऊन एवढी स्पर्धा निभावता येईल का? की खेळच कायमचा बंद करावा लागेल?"

तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच देतो, म्हणजे पुढचे वाचताना मनावर ओझे राहणार नाही. इंजेक्शन देऊ नये. एमआरआय बहुधा लागणार नाही, पण एक्स-रे मात्र पुन्हा आणि वेगळ्या पद्धतीने काढावा लागेल. खेळ कायमचा बंद होणार नाही. परंतु ही विभागीय स्पर्धा त्याने पिचर म्हणून, कॅचर म्हणून किंवा मैदानात अन्य कोठेही उभे राहून खेळू नये. मी आपल्या चिरंजीवांना प्रत्यक्ष तपासलेले नाही, त्यामुळे निदान पक्के आहे असे म्हणणार नाही. तथापि वय तेरा, जागा पिचरची, दुखणे केवळ फेकताना आणि सुरुवात एखाद्या पडण्या-झडण्याशिवाय हळूहळू झालेली, एवढ्या चार गोष्टी एकत्र आल्या की मी पहिला संशय दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्टीवर घेतो, आणि तो दूर होईपर्यंत मुलाला चेंडू हातात घेऊ देत नाही.

ही वाढीची पट्टी, जिला दवाखान्यात आम्ही सर्रास ग्रोथ प्लेट म्हणतो, म्हणजे कूर्चेचा, मऊ हाडाचा, एक पातळ थर असतो. मुलाचे हाड लांबीने वाढते ते या थरातून. दंडाच्या हाडाला अशा पट्ट्या दोन्ही टोकांना असल्या, तरी त्याच्या एकूण वाढीपैकी सुमारे ८० टक्के वाढ खांद्याकडच्या पट्टीतून होते, आणि मुलांमध्ये ही पट्टी साधारण सोळा ते अठराव्या वर्षापर्यंत उघडी राहते. मोठ्या माणसाने अति फेक केली तर त्याचे स्नायू किंवा स्नायूंचे दोर दुखावतात, कारण त्याच्या खांद्यातील सर्वांत कच्ची जागा तीच असते. तेरा वर्षांच्या मुलात मात्र दोर मजबूत आणि पट्टी कच्ची असा उलटा हिशोब असतो. त्यामुळे काकांचा खांदा ज्या तेलाने, शेकाने आणि आठ दिवसांच्या विश्रांतीने बरा झाला, त्याच उपायांनी पुतण्याचा बरा होईल असे धरून चालता येत नाही. दुखणे दिसायला सारखे असले तरी दुखणारी वस्तूच वेगळी आहे.

फेकताना या पट्टीवर नेमके काय होते, तेही पाहू. पिचर हात मागे नेतो, छाती फलंदाजाकडे वळते, कोपर पुढे येते, पण चेंडू धरलेला पंजा अजून मागेच लोंबत असतो. त्या क्षणी दंडाचे हाड, पिळा काढताना दोन्ही हातांनी धरलेल्या ओल्या धोतरासारखे, दोन टोकांनी दोन दिशांना पिळले जाते : वरचे टोक खांद्याच्या स्नायूंनी घट्ट धरून ठेवलेले आणि खालचे टोक कोपरासह फिरणारे. हा पीळ नेमका कच्च्या पट्टीवर येतो. एका फेकीने काही होत नाही. मात्र शंभर-शंभर फेकी, आठवड्यातून पाच दिवस, मध्ये भरून येण्याला वेळ न देता झाल्या की पट्टी सुजते, रुंदावते आणि दुखू लागते. अमेरिकेत शाळकरी मुलांचा संघटित बेसबॉल ज्या 'लिटल लीग'मधून १९३९ पासून वाढला, तिच्या नावावरून या दुखण्याला 'लिटल लीग शोल्डर' म्हणतात. वैद्यकात त्याची नोंद १९५३ सालीच झालेली आहे. आपल्याकडे बेसबॉल उशिरा आला म्हणून हे दुखणे नवे वाटते, एवढेच.

आता एक्स-रेबद्दल. रिपोर्ट चुकीचा होता असे मला म्हणायचे नाही. वाढत्या मुलाच्या एक्स-रेमध्ये ती पट्टी काळसर रेषेसारखी दिसतेच, ती दिसणे नॉर्मलच आहे. प्रश्न असतो तो रेषा किती रुंद आहे आणि तिच्या कडा कशा आहेत याचा, आणि ते एका खांद्याकडे पाहून ठरवणे अवघड असते. म्हणून एक्स-रे दोन्ही खांद्यांचा, हात बाहेरच्या बाजूला वळवून, सारख्याच स्थितीत काढावा. दोन फिल्म शेजारी-शेजारी लावल्या की उजवीकडची रेषा, विशेषतः तिची बाहेरची बाजू, डावीपेक्षा रुंद आहे का हे पालकांच्या डोळ्यांनाही समजते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत दोन्हींत फरक दिसणारच नाही असेही होते. अशा वेळी मी मुलाच्या सांगण्यावर आणि बोटांनी केलेल्या तपासणीवर अधिक भरवसा ठेवतो. एमआरआयमध्ये पट्टीभोवतीची सूज लवकर दिसते हे खरे, पण ती दिसली काय आणि न दिसली काय, पुढचे तीन महिने करायचे तेच असते. दुखण्याची जागा वेगळीच असेल, खांदा निसटल्यासारखा होत असेल किंवा विश्रांतीनेही काही फरक पडत नसेल, तर एमआरआयचा खर्च सार्थकी लागतो.

काही वर्षांपूर्वी जालना जिल्ह्यातून वडिलांसोबत आलेला एक मुलगा मला येथे आठवतो. एक्स-रेची फिल्म कापडाच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळून आणलेली होती. कोठे दुखते असे विचारल्यावर त्याने बोट लावून जागा दाखवली नाही, डाव्या हाताच्या पंजाने उजवा दंड वरून कवेत धरला आणि म्हणाला, "इथं सगळीकडं." या दुखण्याची मुले बहुतेक वेळा असाच पंजा लावतात. मी खांद्याच्या टोकापासून खाली, दंडाच्या बाहेरच्या अंगाला, दोन-तीन बोटांवर दाबले तेव्हा तो काही बोलला नाही, पण पायाचा अंगठा आवळला गेला. दोन्ही खांद्यांच्या नव्या फिल्म लावल्यावर वडिलांनीच विचारले, "ही फट इकडं जास्त का?" निदान तेथेच झाले. फेकणे बंद करायला सांगितले. सहा आठवड्यांनी मुलगा आला तेव्हा दुखणे पार थांबलेले होते आणि घरची मंडळी खूश होती. जानेवारीच्या सुरुवातीला तोच मुलगा पुन्हा आला, दुखणे जसेच्या तसे. चेंडूला हात लावला नाही असे तो शपथेवर सांगत होता आणि ते खरेही होते. या खेपेला सोबत आलेली आई सहज बोलून गेली, "आठ दिस झाले, ज्वारीवर पाखरं राखायला जातोय, गोफण त्याच्याच हातात असती." माळ्यावर उभे राहून दिवसभर गोफण फिरवणारा हात आणि पिचरचा हात यांत वाढीच्या पट्टीला काहीच फरक कळत नाही, हे मी सांगायला हवे होते, सांगितले नव्हते. तेव्हापासून 'खेळू नको' असे मी म्हणत नाही, 'फेकू नको' असे म्हणतो आणि त्यात काय काय येते ते मोजून सांगतो.

तर आपल्या मुलासाठी 'फेकणे बंद' याचा अर्थ असा : बेसबॉल आणि सॉफ्टबॉलचे थ्रो बंद, क्रिकेटमधील गोलंदाजी आणि सीमारेषेवरून केलेली फेक बंद, भाला व गोळा बंद, व्हॉलीबॉलची स्मॅश आणि बॅडमिंटनचा जोराचा फटका बंद, गोफण बंद, आणि चिंचा-कैऱ्या पाडायला भिरकावलेला दगडसुद्धा बंद. मुदत साधारण तीन महिने. दुखणे बहुधा त्याआधीच, चार-सहा आठवड्यांत थांबेल आणि खरी कसोटी तेथेच लागेल, कारण न दुखणाऱ्या मुलाला बसवून ठेवणे दुखणाऱ्यापेक्षा कठीण असते. सहाव्या आठवड्यात दुखत नाही याचा अर्थ पट्टी शांत झाली आहे एवढाच; ती भरून आली आहे असा नव्हे.

या काळात त्याला घरी कोंडून ठेवण्याची मात्र आवश्यकता नाही. झोळी बांधून हात गळ्यात अडकवायचा नाही. लिहिणे, जेवणे, दप्तर उचलणे, सायकल चालवणे, धावणे हे सर्व चालेल. दप्तर फार जड असेल तर ते दोन्ही खांद्यांवर घ्यावे. बॅटिंगबद्दल मुले हमखास विचारतात. पहिले चार आठवडे मी तीही थांबवतो आणि नंतर, फटका मारताना अजिबात दुखत नसेल तर, हळूहळू सुरू करू देतो. त्यामुळे मुलगा संघाशी जोडलेला राहतो. सुगीत सोयाबीनची पोती उचलणे किंवा पाठीवर फवारणीचा पंप घेणे ही कामे तेराव्या वर्षी एरवीही देऊ नयेत, या तीन महिन्यांत तर नकोच.

औषधांविषयी दोन शब्द, पण स्पष्ट. गोळी घेतली की खेळता येते, असे आपण लिहिले आहे, आणि नेमकी तीच मला चिंतेची बाब वाटते. गोळीने पट्टी भरून येत नाही. फक्त मुलाला थांबवणारी खूण पुसली जाते. विश्रांतीच्या पहिल्या दोन-चार दिवसांत दुखत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वजनानुसार गोळी द्यावी, परंतु सामन्याच्या सकाळी खेळता यावे म्हणून कधीही देऊ नये. आपल्याकडच्या उन्हात, उपाशीपोटी, घामाने पाणी कमी झालेल्या मुलाला अशा वेदनाशामक गोळ्या देणे मूत्रपिंडासाठीही बरे नाही. राहिले इंजेक्शन : खांद्यात दिले जाणारे स्टिरॉइडचे इंजेक्शन उघड्या वाढीच्या पट्टीजवळ देण्याचे कारणच नाही, आणि स्पर्धा निभावण्यासाठी तर मुळीच नाही. कोणी देतो म्हणाले तर नम्रपणे उठून यावे. जोराची मालिश, खांदा 'बसवणे', हात ओढून कडकडा वाजवणे हेही टाळावे. रुमालात गुंडाळलेला बर्फ दिवसातून दोनदा पंधरा मिनिटे लावला तर हरकत नाही.

दुर्लक्ष केले तर काय होते, हेही विचारले जाते. बहुतेक मुलांमध्ये दुखणे चिघळते, फेक मंदावते आणि ती कोपराने भरून काढण्याच्या नादात कोपर दुखू लागते. क्वचित पट्टी सरकते किंवा वेळेआधी मिटते आणि दंड किंचित आखूड वा वाकडा राहतो. हे विरळ आहे, आणि आपल्याला घाबरवण्यासाठी मी ते सांगत नाही. पण ज्या पट्टीतून दंडाची ८० टक्के वाढ व्हायची आहे, ती एका चषकासाठी पणाला लावू नये, इतके तरी त्यावरून ठरावे.

खांद्याच्या दुखण्यामागे नेहमी फेकच असते असेही नाही. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, खांद्यावर गरमपणा किंवा वाढत जाणारी सूज, वजन घटणे, न फेकताही सतत ठणकणे, हाताला मुंग्या येणे, बोटांचा रंग निळसर होणे, यांपैकी काहीही असेल तर तीन महिने थांबू नये. त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे. दंडाच्या वरच्या टोकाशी हाडातील पाण्याची गाठ, जंतुसंसर्ग, क्षयरोग आणि क्वचित हाडाचा कर्करोगही याच वयात आढळतो. फेक करताना अचानक कट् असा आवाज येऊन हात लुळा पडला, तर पोकळ गाठीतून हाड मोडलेले असू शकते. पहिला एक्स-रे काढला गेला हे म्हणूनच चांगले झाले. तो वाया गेला असे समजू नये.

आता मूळ कारणाकडे येतो, कारण तीन महिन्यांनी मुलगा पुन्हा त्याच वेळापत्रकात गेला तर दुखणेही परत येईल. कारण मोजणीत आहे. अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल या संस्थांनी २०१४ मध्ये 'पिच स्मार्ट' नावाने वयानुसार मर्यादा ठरवून दिल्या. त्यांनुसार ११-१२ वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त ८५ आणि १३-१४ वर्षांच्या मुलाने ९५ पिच (फलंदाजाकडे केलेल्या फेकी) टाकाव्यात. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने २० पिचपर्यंत टाकल्या तर दुसऱ्या दिवशी टाकायला हरकत नाही. २१ ते ३५ टाकल्या तर एक दिवस, ३६ ते ५० टाकल्या तर दोन दिवस, ५१ ते ६५ टाकल्या तर तीन दिवस आणि ६६ च्या पुढे गेल्यास चार दिवस पूर्ण विश्रांती. जो पिचर आहे त्याने त्याच सामन्यात कॅचर होऊ नये, आणि वर्षातून किमान चार महिने फेकणे पूर्ण बंद असावे, असेही त्यात आहे.

हे आकडे आपल्या शालेय स्पर्धांना लावून पाहावेत. जिल्ह्याच्या स्पर्धा पुष्कळदा एक-दोन दिवसांत उरकल्या जातात, कारण मैदान, गाडी आणि शाळेची परवानगी तेवढीच असते. समजा, सकाळच्या सामन्यात आपल्या मुलाने ७० पिच टाकल्या. नियमाप्रमाणे त्याने पुढचे चार दिवस पिचिंग करायचे नाही. प्रत्यक्षात दुपारी उपांत्य सामना असतो, संघात दुसरा भरवशाचा पिचर नसतो, आणि तो आणखी ५५ टाकतो. एकूण १२५ झाल्या. सामन्याआधीचा सराव यात धरलेला नाही, आणि तिसऱ्या सामन्यात तो कॅचर म्हणून बसला असेल तर पिचरकडे परत फेकलेले साठ-सत्तर चेंडूही धरलेले नाहीत. पिचची मोजणी ही हाताच्या एकूण कामाची मोजणी नव्हे. रविवारी गल्लीत टाकलेली सहा षटके त्याच खांद्याच्या खात्यावर जमा होतात.

अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथील क्रीडावैद्यक संस्थेने, जिच्याशी डॉ. जेम्स अँड्र्यूज यांचे नाव जोडलेले आहे, शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या किशोर पिचरांची न दुखावलेल्या पिचरांशी तुलना केली होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, हात थकलेला असतानाही नेहमी पिचिंग करणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट आढळली. वर्षातून आठ महिन्यांहून अधिक काळ स्पर्धात्मक पिचिंग करणाऱ्यांत ती पाचपट होती. चेंडू वळवण्याच्या तंत्राला आपण जितका दोष देतो, तितका पुरावा त्याविरुद्ध सापडत नाही. थकव्याविरुद्ध मात्र भक्कम पुरावा आहे. म्हणून सरांना एवढेच विचारावे की मुलगा थकला हे त्यांना कशावरून कळते. खाली सुटणारी कोपर, वर-वर जाऊ लागलेले चेंडू, दोन पिचमध्ये वाढलेला वेळ आणि खांदा झटकणे, या चार खुणा दिसल्या की आकडा कितीही कमी असला तरी मुलाला बदलावे. सरांविषयी मनात अढी धरू नये. 'हात बसतो' हा त्यांच्या काळचा अनुभव आहे, आणि अनेकदा एकच शिक्षक खो-खो, कबड्डी, ॲथलेटिक्स आणि बेसबॉल असे सगळेच सांभाळत असतो. पिच मोजायला त्याला तिसरा हात नसतो. ते काम एखाद्या राखीव खेळाडूला वही देऊन सोपवता येते.

अंतराचाही एक मुद्दा आहे. प्रौढांच्या बेसबॉलमध्ये पिचरची पाटी होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभा राहतो तेथल्या पाटीपासून, १८.४४ मीटरवर असते; लिटल लीगमधील बारा वर्षांपर्यंतची मुले १४.०२ मीटरवरून टाकतात. आपल्या मैदानावर चुन्याची रेघ एकदाच मारली जाते आणि शाळेतील लहान-मोठी सर्व मुले तिच्यावरूनच टाकतात, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. सरावापुरती तरी रेघ पुढे घेता येईल का, हे विचारून पाहावे. (सॉफ्टबॉलचे पिचिंग खालून असते म्हणून ते निर्धोक, हा समजही आपल्या भागात पक्का आहे. मुलींचे खांदे त्यानेही दुखतात; पण तो वेगळा विषय झाला.)

तीन महिन्यांत खांद्याची तयारी कशी करावी, ते सांगतो. पहिले तीन आठवडे खांद्याचा व्यायाम नको. पाय, कंबर आणि पोट यांचे करावेत. फेकीची निम्मी ताकद तेथूनच येते, आणि हे समजावण्यासाठी मला पुन्हा गोफणच आठवते. माळ्यावरचा मुरलेला शेतकरी पाहावा : दगड सुटण्याच्या क्षणी पुढचा पाय रोवलेला असतो, कंबर वळलेली असते आणि हात सगळ्यांत शेवटी, जणू पाहुण्यासारखा येतो. नवशिका पोरगा मात्र जागेवर उभा राहून नुसता हात फिरवतो आणि संध्याकाळी खांदा धरून बसतो. आपल्या मुलाला एका पायावर उभे करून हळूच अर्धे बसायला सांगावे. गुडघा आत कोसळत असेल किंवा कंबर डुलत असेल तर त्याचा खांदा पायांचेही काम करतो आहे असे समजावे.

चौथ्या आठवड्यापासून, दुखत नसेल तर, सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधावी. काखेत गुंडाळलेला टॉवेल, कोपर काटकोनात, आणि ट्यूब सावकाश बाहेरच्या बाजूला ओढायची. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या. दिवाणावर पालथे झोपून, हातात पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली, म्हणजे सुमारे अर्धा किलो वजन, घेऊन हात बाजूला आणि तिरपा वर उचलायचा. यात खांद्याचे पाते धरून ठेवणारे स्नायू काम करतात. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेला लिंबू आहे. बशी हलली तर लिंबू घरंगळणारच; ती बशी म्हणजे पाते. भिंतीला टेकून दंड काढतानाही शेवटी हात सरळ झाल्यावर पाठ थोडी आणखी मागे ढकलावी, म्हणजे तेच स्नायू पूर्ण आवळतात.

एक मोजमाप मी प्रत्येक फेकणाऱ्या मुलाचे घेतो. त्याला उताणे झोपवून दंड खांद्याच्या रेषेत बाजूला ठेवायचा, कोपर काटकोनात, बोटे छताकडे. मग खांदा वर उचलू न देता पंजा पायांच्या दिशेला किती खाली जातो ते पाहायचे, आणि तसेच डोक्याच्या दिशेला. फेकणाऱ्या हाताचा पंजा डोक्याच्या दिशेला अधिक जातो, ते स्वाभाविक आहे. पण पायांच्या दिशेला तो डाव्यापेक्षा वीसहून अधिक अंशांनी कमी जात असेल आणि दोन्ही दिशांची बेरीजही डाव्यापेक्षा कमी भरत असेल, तर खांद्याची मागची बाजू आखडलेली आहे. अशा मुलांमध्ये दुखणे परतण्याची शक्यता जास्त असते. त्यासाठी उजवा हात छातीवरून डावीकडे ओढून तीस सेकंद धरण्याचा ताण दिवसातून चार वेळा पुरतो. ओढताना दंडात कळ आली तर तेथेच थांबावे.

परतण्याची पद्धत अशी ठेवावी. तीन महिने पूर्ण झालेले असावेत, दाबल्यावर दंड दुखू नये आणि ताकद दोन्ही बाजूंना सारखी असावी. एक्स-रेवरील रेषा त्यानंतरही काही काळ रुंद दिसू शकते; केवळ तेवढ्यावरून मी मुलाला अडवत नाही. मग एक दिवसाआड फेकणे सुरू करावे : ९ मीटरवरून २५ फेकी, दहा मिनिटे विश्रांती, पुन्हा २५. दोन दिवस असे न दुखता गेले की १४ मीटर, मग १८, मग २७ मीटर, म्हणजे मोठ्या मैदानावरील दोन बेसांमधले अंतर. कोठेही दंड दुखला तर दोन दिवस थांबून मागच्या पायरीवर यावे. २७ मीटरवरून सहज फेकता येऊ लागल्यावरच पिचरच्या जागी उभे करावे, तेही आधी अर्ध्या जोराने. यात सहा ते आठ आठवडे जातात, म्हणजे आजपासून पहिल्या सामन्यापर्यंत साडेचार ते पाच महिने धरावेत. मुलगा आठवीत आहे. दहावीच्या क्रीडागुणांचा विचार पालकांच्या मनात असतो हे मला माहीत आहे. तो आत्ता करण्याची घाई नाही, आणि मुलगा आत्ता थांबला तरच तो विचार पुढे करता येईल.

स्पर्धेला त्याला सोबत जाऊ द्यावे. दोन्ही संघांच्या पिचरांच्या पिच मोजण्याचे काम त्यालाच द्यावे, प्रत्येक सामन्याला वहीचे एक पान. त्याआधी, शक्य झाल्यास याच आठवड्यात, दोन्ही खांद्यांचा एक्स-रे वर सांगितल्याप्रमाणे काढून घ्यावा आणि दाखवायला जाताना जुनी फिल्मही सोबत न्यावी. मोबाइलवर काढलेल्या फोटोत ती रेषा नीट दिसत नाही.